अंगावरची शिवण

केरबा जाऊन सव्वा महिना झाला होता, आणि संघर्ष अजून हायवेवर जातोय हे आक्काताईला दूधवाल्याकडून कळलं.

दोन हजार पाच सालची गोष्ट. पुणे-बंगळूर रस्ता नुकता चौपदरी झाला होता आणि उजळाईवाडीपासून कागलपर्यंतचा पट्टा तेल लावल्यासारखा गुळगुळीत होता. गडमुडशिंगीची आणि आजूबाजूची चार-सहा पोरं रविवारी दिस उगवायला मोटरसायकली काढायची आणि पैज लावून पळवायची. जानेवारीतल्या एका रविवारी केरबा दुभाजकाला धडकला. डोक्यावर काही नव्हतं. दूध घालायला निघालेल्या माणसाला तो सापडला तेव्हा संपलेला होता. बरोबर कोण कोण होतं, हे एकाही पोरानं कबूल केलं नाही. संघर्षनं पोलिसांना सांगितलं की मी घरात झोपलो होतो. तो घरात नव्हता हे आक्काताईला ठाऊक होतं. तरी शेजारी उभं राहून तिनं होकारार्थी मान हलवली.

केरबा म्हणजे त्यांच्याच गल्लीतल्या बनाबाईचा एकुलता एक मुलगा. संघर्ष आणि तो एका बाकावर शिकले, एकाच दिवशी शिरोलीच्या फाउंड्रीत कामाला लागले. आक्काताई संघर्षची थोरली बहीण, बारा वर्षांनी मोठी. आईवडील पाठोपाठ गेले तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. तिला नेसरीला दिली होती, पण नवऱ्याचं दुसरं घर असल्याचं कळलं तशी ती कपड्यांची पिशवी घेऊन माघारी आली आणि भावाला वाढवत राहिली. कोल्हापुरात उद्यमनगरात मोटरसायकलींची सीट कव्हरं शिवायचा तिचा छोटासा गाळा होता. रेक्झिन, फोम, जाड सुईचं मशीन आणि ती, एवढंच दुकान.

दूधवाल्यानं सांगितल्यावर तिनं जे सुचेल ते करून पाहिलं. गाडीची किल्ली लपवली, तर त्यानं वायर जोडून गाडी चालू केली. प्लग काढून स्वतःच्या पर्समध्ये टाकला, तर त्यानं दुसरा घातला. चोवीस वर्षांच्या भावाच्या थोबाडीत मारली. तो हलला नाही, नुसता उभा राहिला, जणू आणखी एक बसायची वाट बघत होता. तिनं जेवण सोडलं तेव्हा त्यानंही सोडलं, आणि दोन दिवसांनी त्याचे डोळे आत गेलेले बघून तिनंच भाकरी थापायला घेतली.

पुढच्या रविवारी ती उजाडता उजाडता चालत हायवेला गेली आणि पुलाशेजारच्या दगडावर बसून राहिली. तो आला. बरोबर कुणी नव्हतं. केरबा गेल्यापासून बाकीची पोरं तिकडं फिरकत नव्हती. पैज नव्हती, बघणारं कुणी नव्हतं. हा एकटाच टाकीवर पालथा पडून, उघड्या डोक्यानं, एक एसटी आणि एक उसाची ट्रॉली यांच्यामधल्या फटीतून गेला. त्या फटीतून सायकल घालतानाही माणूस दोनदा विचार करेल. वळून परत आला आणि पुन्हा तेच. आक्काताई हाक मारायला उठली, तोवर तो लांब गेला होता. हा कुणाला हरवायला पळत नाही एवढं तिला कळलं.

मंगळवारी तिचे जुने गिऱ्हाईक हंबीरराव आपली जावा मोटरसायकल घेऊन दुकानात आले. साठीतला माणूस, एक पाय आखूड. तरुणपणी मातीतल्या शर्यती पळवलेल्या, आता स्वतःचं गॅरेज. हातकणंगल्याच्या पलीकडं माळावर कुणी हौशी माणसांनी डांबरी ट्रॅक बांधला होता, तिथं ते मदतीला जायचे. सीटचं माप देता देता त्यांनी पोरगं कसं आहे म्हणून विचारलं आणि आक्काताईचा बांध फुटला. दुकानात गिऱ्हाईकासमोर ती आयुष्यात पहिल्यांदा रडली.

हंबीररावांनी तिला रडू दिलं. मग सांगितलं की वीस मार्चला ट्रॅकवर फी भरून कुणालाही गाडी पळवता येणार आहे. शर्यत नाही, बक्षीस नाही. वीस वीस मिनिटं पळवायचं आणि बाहेर यायचं. समोरून वाहन येत नाही, कडेला खांब नाही, ॲम्ब्युलन्स उभी असते. असली चटक लागलेलं पोरगं गाडी सोडत नाही हे त्यांनी पाहिलं होतं. रस्ता सोडलेली मात्र चार-पाच पोरं पाहिली होती.

"पण अंगावर सामान लागतंय," ते म्हणाले. "त्याच्याशिवाय फाटकातनं आत घेत न्हाईत. आनि ते सामान लई महाग हाय, आक्काताई."

तिनं बिलबुक पुढं केलं. बिलाच्या पाठीवर त्यांनी लिहून दिलं: पूर्ण तोंड झाकणारं हेल्मेट, मनगटाच्या वर येणारे चामडी हातमोजे, घोट्याच्या वर येणारे बूट, आणि चामड्याचा सूट, एकसंध किंवा कमरेला चेननं जोडलेला. पाठीला आधार असला तर बरा. नव्या सूटची किंमत त्यांनी सांगितली तेव्हा तिला वाटलं ते गाडीची सांगताहेत. दुसऱ्या मशीनसाठी भिशीत टाकलेले पैसे होते, ते सूटच्या एका बाहीला पुरले असते.

हाताशी तीन आठवडे होते. त्याच दिवशी तिनं संघर्षच्या नावानं फी भरून टाकली. त्याला विचारलं नाही.

हेल्मेटला पहिला पैसा, असं हंबीररावांनी बजावलं होतं. बाकी सगळं जुनं चालेल, हेल्मेट जुनं नको. एकदा आपटलेलं हेल्मेट वरून साजरं दिसतं आणि आतून मेलेलं असतं. आक्काताईनं आधी रस्त्याकडेच्या ढिगाऱ्यातली पाहिली. आत अंगठा घालून दाबलं, तर सीटच्या फोमपेक्षाही हलका स्पंज, त्यामागं नुसतं प्लॅस्टिक. विकणाऱ्यानं तिच्याकडं पाहून विचारलं, "ताई, पोलिसासाठी घ्यायचंय का डोक्यासाठी?" डोक्यासाठी म्हटल्यावर त्या भल्या माणसानंच तिला पुढच्या चौकातलं दुकान दाखवलं. तिथं अंगठ्याला घट्ट थर्माकोलचा जाड थर लागला. अस्तर शिवलेलं होतं, चिकटवलेलं नव्हतं. दुकानदार म्हणाला की घातल्यावर गाल दाबले गेले पाहिजेत, डोकं हलवलं तर हेल्मेटबरोबर कपाळाची कातडीही हलली पाहिजे. संघर्षच्या डोक्याचं माप तिनं तो झोपला असताना टेपनं घेतलं होतं. भिशीतली निम्मी रक्कम तिथंच गेली.

बुटांसाठी ती बाजारात जुने मिलिटरीचे बूट विकणाऱ्याकडं गेली. फाउंड्रीतले लोखंडी टोकाचे बूट संघर्षकडं होते, पण ते घोट्याखाली संपायचे. नव्या हातमोज्यांना उरलेल्यातले बरेच गेले. माणूस पडताना आधी हात टेकतो, असं हंबीररावांचं म्हणणं होतं, म्हणून तळव्याला दुहेरी चामडं असलेले शोधण्यात तिनं दोन दिवस घालवले. पाठीसाठी तिनं चपलांच्या तळाला घालतात त्या घट्ट शीटचे तुकडे खवल्यांसारखे एकावर एक शिवले. हंबीररावांनी ते वाकवून पाहिलं आणि सरळ सांगितलं की यानं मुका मार वाचेल, कणा वाचेल असं मानू नकोस. तरी तिनं ते ठेवलं. काहीच नसण्यापेक्षा बरं, एवढाच तिचा हिशेब.

सूट मात्र मिळेना. बारा दिवस गेले. हंबीररावांनी पुण्याला, बेळगावला फोन करून पाहिले. ज्यांच्याकडं होते ते देत नव्हते, जे देत होते त्यांचे परवडत नव्हते. मधला एक रविवार आला. त्या सकाळी ती घरातच भिंतीला टेकून बसली आणि गाडीचा आवाज परत गल्लीत येईपर्यंत तिनं घोटभर पाणीसुद्धा घेतलं नाही.

तेराव्या दिवशी इचलकरंजीचा पत्ता मिळाला. पारस मगदूम, यंत्रमागवाला. लग्नाआधी दोन वर्षं शर्यती पळवलेला, मग सोडलेला. आक्काताई एसटीनं गेली. पारस चाळिशीकडं झुकलेला, पोट सुटलेला, बोलायला मऊ माणूस. त्यानं तिला घरात न नेता मागच्या शेडमध्ये नेलं. आईचं व्रत असल्यामुळं चामडं कधी घरात आणलंच नाही, असं म्हणत त्यानं मागांच्या खडखडाटातून वाट काढत खिळ्याला टांगलेलं पोतं खाली घेतलं. आत काळा-लाल सूट होता, जाकीट वेगळं, पँट वेगळी. सात वर्षं शेडमधली ओल आणि तेलाची वाफ खाल्लेला. खांद्यावर पांढुरकी बुरशी.

"एकदा पडलोय त्यात," पारस म्हणाला. "लपवत न्हाय. खुब्यापाशी बघा."

खुब्यापाशी चामडं घासून मखमलीसारखं झालं होतं, पण फाटलं नव्हतं. आक्काताईनं शिवणीवर नख ओढलं. धागा आवाजही न करता तुटला. तिनं दुसऱ्या जागी ओढलं, तिसऱ्या. आतला सगळा दोरा कुजला होता. चामडं मात्र जिवंत होतं. दुमडलं तर चिरत नव्हतं. ती सूट मांडीवर घेऊन बराच वेळ गप्प बसली. पारसला वाटलं तिला पसंत नाही. त्यानं आपणहून भाव निम्म्यावर आणला आणि मग विचारलं, कुणासाठी. तिनं भावासाठी म्हटलं. हायवेचं सांगितलं. केरबाचंही सांगितलं. पारसनं तिच्या हातातले पैसे घेतले, न मोजता खिशात घातले आणि तिला स्टँडपर्यंत सोडायला स्वतः आला.

सहा दिवस राहिले होते. आक्काताईनं गिऱ्हाइकं परत पाठवली, शटर अर्धं ओढलं आणि सगळा सूट उसवला. बाह्या, पाठ, पाय, गुडघ्याचे पट्टे. सगळे तुकडे फरशीवर मांडल्यावर सोललेल्या जनावरासारखे दिसत होते. ओल्या फडक्यानं बुरशी पुसली, खोबरेल चोळलं. ट्रकच्या ताडपत्र्यांना वापरतात तो नायलॉनचा दोरा आणला आणि प्रत्येक जोडावर दोन दोन रांगा घालायला सुरुवात केली. एक वरून दिसणारी, एक आत दडलेली. वरची घासून गेली तरी आतली धरून राहील, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. ट्रॅक्टरची सीटं ती तशीच शिवत आली होती. कोपर, खांदे आणि गुडघ्यांतला जुना फोम हातात भुगा होऊन आला. तिथं तिनं चपलेचीच शीट दुहेरी घातली.

पण सूट पारसच्या अंगाचा होता आणि संघर्ष चिपाड. ढिला सूट काही कामाचा नाही, असं हंबीरराव पहिल्या दिवसापासून सांगत होते. माणूस घसरला की चामडं पुढं सरकतं आणि कोपराची गादी दंडावर जाते. अंगावर घालून माप घ्यायलाच हवं होतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं सगळं सामान घरी आणलं आणि पहिल्यांदा संघर्षसमोर ठेवलं.

त्यानं हेल्मेटकडं पाहिलं, बुटांकडं, मग सूटकडं.

"हे कुणी मागितलं हुतं?"

तिनं वीस तारखेचं सांगितलं. फी भरल्याचं सांगितलं. त्यानं हेल्मेट पायानं बाजूला सारलं.

"पोरांची खेळणी हायत ही, आक्का. मी न्हाय जायाचा."

"मग हायवेला कशाला जातोस?"

तिनं पुन्हा विचारलं. तो उठून दाराकडं निघाला तेव्हा ती दारात आडवी झाली. ओरडली नाही. ओरडायची ताकद उरली नव्हती.

"संघ्या, मी तुला पुलापाशी बघितलंय. तू पळवायला जात न्हाईस. तू कशाला जातोस ते मला कळलंय. फकस्त तुज्या तोंडानं सांग, म्हंजे मी हे समदं उद्या भंगारात घालतो आनि तुजी वाट बघायची बंद करतो."

संघर्ष खाली बसला. गुडघ्यांत डोकं घातलं. मग म्हणाला, "त्या दिवशी मी हुतो तितं."

"म्हाईत हाय."

"मी पुढं हुतो. मीच म्हनलं हुतं त्याला, चल म्हनून."

आक्काताईला आणखी विचारायचं धाडस झालं नाही. तिनं टेप आणली, खडू आणला, आणि त्याला दंडाला धरून उभं केलं. तो मुकाट्यानं उभा राहिला, लहानपणी शाळेच्या चड्डीचं माप देताना राहायचा तसा. तिनं त्याच्या अंगावर जाकीट चढवलं आणि बगलेपासून कमरेपर्यंत खडूच्या रेघा ओढल्या.

उरलेले तीन दिवस ती मशीनवरून उठली नाही. सुया मोडल्या, बोटाचं नख काळं पडलं. शेवटच्या दिवशी अंधार पडायच्या आत आटपायचं म्हणून डाव्या कोपराच्या जोडाला तिनं एकच रांग घातली. दुसरी उद्या सकाळी घालू म्हणाली. सकाळी हंबीररावांचा टेम्पो गाडी न्यायला लवकर आला आणि ती रांग राहिलीच.

माळावर ऊन तापायला लागलं होतं. तीस-चाळीस गाड्या, त्यांतल्या निम्म्या पुण्याच्या. पुण्याच्या पोरांचे सूट एखाद्या किड्याच्या पाठीसारखे चमकत होते. तपासणीच्या टेबलाशी पुण्याचेच एक साहेब बसले होते. त्यांनी हेल्मेट पाहिलं, मान हलवली. हातमोजे पाहिले, बुटांच्या नाड्या टेपनं चिकटवायला लावल्या. मग जाकीट वर उचललं. जाकीट आणि पँट जोडणारी चेन मागच्या बाजूला वीतभरच होती.

साहेब म्हणाले की हे चालणार नाही. घसरताना जाकीट बगलेपर्यंत वर जाईल. कमरेभोवती पूर्ण जोड हवा. हंबीरराव विनवू लागले, पोराची पहिलीच वेळ आहे, सावकाश पळवेल. साहेब चिडले नाहीत, फक्त कागद बाजूला ठेवला. पहिल्यांदाच येणारे जास्त पडतात, म्हणाले. फी परत मिळेल.

संघर्ष वळला. त्याच्या चेहऱ्यावर निराशा असती तर आक्काताईला चाललं असतं. त्याच्या चेहऱ्यावर सुटका होती. तो गाडीकडं चालायला लागला तेव्हा तिला पुढचा रविवार दिसला. त्याच्या पुढचाही.

ती साहेबांपुढं जाऊन उभी राहिली. किती वेळ आहे, विचारलं. त्यांनी घड्याळ पाहिलं. नवख्यांची पहिली फेरी अकराला, म्हणजे पन्नास मिनिटं. चेन कुठून आणणार, त्यांनी विचारलं. चेन नको, म्हणाली ती. शिवते.

साहेबांना आधी समजलं नाही. मग ते म्हणाले, दोरा खेचून बघेन, एक टाका जरी हलला तर नाही.

तिच्या पिशवीत दाभण होता, मेण लावलेला दोरा होता. तंबूच्या सावलीत तिनं संघर्षला सूट घालून उभं केलं आणि गुडघ्यांवर बसून जाकीट पँटला शिवायला लागली, त्याच्या अंगावरच. पुण्याची पोरं बघत उभी राहिली. अंगावर कापड शिवू नये म्हणतात. आक्काताई-संघर्षची आई तर सुटलेलं बटण लावतानासुद्धा पोराच्या तोंडात दोऱ्याचा तुकडा धरायला द्यायची, नाहीतर आयुष्य शिवलं जातं म्हणायची. आक्काताई असलं काही मानत नव्हती. पण दाभण आत जाताना त्याच्या पोटाच्या श्वासाबरोबर चामडं वरखाली होत होतं, आणि प्रत्येक टाक्याला तिला आईची भीती आठवत होती. मागच्या बाजूला पोचली तेव्हा घामानं दाभण हातातून निसटत होता. एकदा टोक आत लागलं. संघर्ष नुसता दचकला. मग तो वाकला, खाली पडलेला दोऱ्याचा तुकडा उचलला आणि दातांत धरला.

साहेबांनी चार जागी बोटं घालून खेचलं. मग गाडीच्या पुढच्या भागावर हिरवा कागद चिकटवला.

अकराला तो आत गेला. पहिल्या फेऱ्या सावकाश होत्या. आक्काताई तारेच्या कुंपणाला धरून उभी होती. तो गाडीवर सरळ बसला होता, इतरांकडं बघत, वळणाआधी हात वर करणाऱ्या माणसाचं ऐकत. दुपारी दुसऱ्या वेळी तो बाहेर आला तेव्हा त्यानं पाणी मागितलं आणि हंबीररावांना विचारलं की तिसऱ्या वळणावर गिअर कुठं पाडायचा. दोन महिन्यांत त्यानं कुणाला काही विचारल्याचं तिनं ऐकलं नव्हतं.

चार वाजता, तिसऱ्या वेळी, त्याच वळणावर त्याचं मागचं चाक घसरलं.

आवाज उशिरा आला. आधी गाडी एकीकडं जाताना दिसली आणि तो दुसरीकडं, पाठीवर, खांद्यावर, डांबरावरून लांब लांब घसरत, मग मातीत दोनदा उलटून थांबला. आक्काताई कुंपणावर चढली. कुणीतरी तिला मागं ओढलं. पिवळे झेंडे हलायला लागले. कडेला बसलेले लोक पळत सुटले, एक, दोन, मग आणखी दोन. ॲम्ब्युलन्स हलली. संघर्ष हलत नव्हता. ती तारेतून बघत होती आणि तिच्या मनात एकच गोष्ट फिरत होती, की त्याला इथं तिनं आणलं, तिनं फी भरली, तिनं त्याला त्यात शिवून बंद केलं.

मग त्याचा एक गुडघा वर आला.

हंबीररावांनी तिला ॲम्ब्युलन्सपर्यंत नेलं. डॉक्टर हेल्मेट काढून त्याच्या डोळ्यांत बॅटरी मारत होते. खांद्यापुढचं हासळीचं हाड मोडलं होतं. डोकं ठीक, मान ठीक. सूट काढण्यासाठी त्यांनी कात्री घेतली तेव्हा आक्काताईनं ब्लेड मागितलं आणि कमरेची शिवण स्वतः उसवली. पाठीवरचं चामडं खरवडून पांढरं पडलं होतं. वरची शिवण जागोजागी घासून गेली होती, आतली धरून होती. डाव्या कोपराचा जोड मात्र चार बोटं उघडला होता आणि तिथली कातडी मांसापर्यंत सोलली होती. तिला तेवढंच दिसत होतं. डॉक्टर म्हणत होते, बाई, नशीब समजा. ती त्या कोपराकडं बघत हुंदके देत होती.

ॲम्ब्युलन्स सुटल्यावर संघर्षनं डोळे उघडले.

"किती जन आले गं?"

"कुठं?"

"मी पडल्यावर. माज्याकडं पळत किती जन आले?"

तिनं आठवलं. "चौघं."

तो छताकडं बघत राहिला. मग त्याच्या कानाच्या बाजूनं पाणी ओघळायला लागलं.

"केरबा हलत हुता, आक्का."

तिला ऐकू आलं, पण समजून घ्यायला तिला वेळ लागला. तो अडखळत, तुटक तुटक सांगत गेला. आवाज ऐकून तो वळून मागं आला होता. बाकीची पोरं पळाली होती. केरबा दुभाजकाशी पडला होता आणि त्याचा उजवा हात वर होत होता, खाली पडत होता. संघर्ष गाडीवरून उतरला नव्हता. लांबून ट्रकचा दिवा आला, पोलीस असतील असं वाटलं, आणि तो पळाला. घरी येऊन अंथरुणात शिरला. दूधवाला तिथं पोचेपर्यंत अर्धा-पाऊण तास गेला होता.

"मी थांबलो असतो तर," तो म्हणाला. आक्काताईनं त्याचा चांगला हात धरून ठेवला. तू तेव्हा काही करू शकला नसतास, असं तिच्या ओठांवर आलं होतं. ते खरं आहे की नाही तिला माहीत नव्हतं, म्हणून तिनं म्हटलं नाही.

दवाखान्यातून तिसऱ्या दिवशी सोडलं. हात गळ्यात बांधलेला. आठवडाभर तो घरात भिंतीकडं तोंड करून पडून होता. मग एका दुपारी उठला, एका हातानं तोंड धुतलं आणि बनाबाईकडं जायचंय म्हणाला. ती बाई पोलिसांत जाईल, गल्ली अंगावर येईल, फाउंड्रीतलं काम जाईल, सगळं आक्काताईच्या डोळ्यांपुढून गेलं. तो घरात झोपला होता म्हणून पोलिसांपुढं मान हलवणारी ती स्वतःच होती. तिनं चपला घातल्या आणि त्याच्याबरोबर निघाली.

बनाबाई उंबऱ्यात बसून ज्वारी पाखडत होती. पोराच्या जोडीदाराचा गळ्यात बांधलेला हात बघून तिनं सूप खाली ठेवलं, काय झालं विचारलं. संघर्ष उभ्यानंच बोलला. एक शब्द गाळला नाही. चल म्हटल्यापासून अंथरुणात शिरेपर्यंत. मग आक्काताई म्हणाली की मला ठाऊक होतं हा घरात नव्हता.

बनाबाईचा चेहरा बदलला नाही. तिनं सुपातले दोन खडे वेचून बाजूला टाकले.

"कंचा हात?"

"उजवा, काकू."

"काय म्हनला का?"

"न्हाय. मी... मी लांब हुतो. ऐकाय आलं नसतं."

तिनं मान हलवली. गल्लीतून कुणी सायकलवरून गेलं, त्यानं आक्काताईला हाक दिली, तिनं ती घेतली नाही. संघर्ष खाली बसला नाही.

"आज जा," बनाबाई म्हणाली. "उद्या ये. मला आनि इचारायचं हाय. एकदम समदं न्हाय ऐकवत."

तो दुसऱ्या दिवशी गेला. आक्काताई दुकानाला निघाली होती, ती कोपऱ्यावर थांबून बघत राहिली. बनाबाईनं त्याला आत घेतलं नाही, पाणी दिलं नाही. तो उंबऱ्याबाहेर बसला होता, ती आत, आणि ती काहीतरी विचारत होती. त्याच्या पुढच्या दिवशीही तो गेला. पोलिसांत त्यानं स्वतः जाऊन जबाब बदलला, त्याचे हेलपाटे पुढं वर्षभर चालायचे होते. गाडी वाकल्या चाकासकट हंबीररावांच्या गॅरेजमध्ये पडून राहिली. ती सरळ करून घ्यायची का, हे त्यानं अजून सांगितलं नव्हतं, आणि आक्काताई विचारत नव्हती. रविवार आला की दिस उगवायला तिचे डोळे आपोआप उघडायचे. ती पडून कानोसा घ्यायची. पलीकडच्या खोलीत तो कूस बदलायचा, मोडलेल्या खांद्यावर भार आला की कण्हायचा, आणि तेवढं ऐकून ती चूल पेटवायला उठायची.